ठुशीची दोरी

डोंबिवली,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय आक्का,



या पत्राचा फोटो भाच्याच्या फोनवर पाठवते आहे आणि कागद पोस्टातही टाकते आहे. तुला बारीक अक्षर दिसत नाही, तेव्हा नातीला मोठ्यानं वाचायला सांग आणि भाऊजींना समोर बसव. फोनवर तू ‘बरं बरं’ म्हणतेस आणि बोलणं शेतावर नेतेस. कागदाशी तुला तसं करता येणार नाही.

भाऊबीजेला दादाला ओवाळताना तू वाकलीस, पदर सरकला आणि आईची ठुशी दिसली. तुझ्या लग्नात ती गळ्याशी घट्ट बसली होती आणि मागे दोरी पुरून उरली होती. आता त्याच दोरीला वर काळा गोफ जोडलेला दिसला. विचारलं तर तू सहज म्हणालीस, “गाठ वाढती तशी दरसाल बोटभर सैल करती.” आक्का, मी सव्वीस वर्षं मानेच्या आणि घशाच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये नोकरी केली. रोगाचा जो इतिहास पेशंटकडून काढता काढता डॉक्टर थकतात, तो तू एका वाक्यात सांगितलास. कोणत्या साली किती बोटं, ते आठवून नातीकडून लिहून ठेव. आणि हेही लिहून ठेव, की आधीच्या नऊ-दहा वर्षांत जेवढी दोरी सोडली, जवळजवळ तेवढीच दिवाळीआधीच्या चार महिन्यांत सोडावी लागली. माझ्या जिवाला घोर लागला आहे तो या चार महिन्यांचा.

आधी माझा दोष सांगते. तीन वर्षांपूर्वी थोरल्या भाच्याच्या हळदीला तुझ्या गळ्याला हळद लावताना माझी बोटं त्या गाठीवरून फिरली होती. ती कडक लागली होती. मी म्हणाले, “दाखवून घे,” आणि मुंबईला येऊन ड्युटीत बुडून गेले. परक्या बायकांच्या नवऱ्यांना मी वॉर्डाच्या दारात उभं करून विचारत होते, की इतके दिवस काय करत होता. आणि सख्ख्या बहिणीला एक फोन केला नाही. हे मला जन्मभर टोचेल. म्हणून उशीर का केलास, असं या पत्रात मी तुला विचारणार नाही. लेकींची लग्नं झाली, भाऊजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दुष्काळाची वर्षं गेली, यंदा सीना नदीच्या पुरानं रान धुऊन नेलं. घरात प्रत्येकाची पाळी येऊन गेली. तुझी तेवढी राहिली.

‘पण दुखत नाही की,’ हे तुझं पालुपद. या ग्रंथीचा कॅन्सर बहुतेक वेळा दुखतच नाही. नरड्याच्या खाली, श्वासनळीला पुढून आणि दोन्ही बाजूंनी बिलगून ही थायरॉईडची ग्रंथी असते, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी. निरोगी असेल तर वीसेक ग्रॅमची, बोटाला सहसा लागतही नाही. दुखत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि तेवढ्यात रोगाला वर्षंच्या वर्षं मिळतात.

दुसरा तुझा आधार म्हणजे तो रक्ताचा रिपोर्ट. पाच वर्षांपूर्वी कुणी तरी ‘थायरॉईड नॉर्मल आहे, ही चरबीची गाठ’ असं सांगून तुला परत पाठवलं आणि तू तो कागद देव्हाऱ्याच्या फळीखाली जपून ठेवलास. आक्का, त्या रक्तातून ग्रंथी काम किती करते एवढंच कळतं. गाठ कसली आहे, ते त्यातून कळत नाही. थायरॉईडचा कॅन्सर असलेल्या बहुतेक पेशंटचं रक्तातलं टीएसएच नॉर्मलच येतं. रोज ठरल्या वेळेला कामावर येणाऱ्या गड्याला आतून आजार नसेलच, असं कुणी सांगावं? हा एक कागद दाखवून घरी थांबलेली माणसं मी इतकी पाहिली आहेत की त्याचा मला आता राग येतो.

गळ्यातली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, हेही तितकंच खरं आहे, बहुतेक नसतातच. आपल्या लहानपणी गलगंडाच्या बाया दिसायच्या. तो आयोडीनच्या कमतरतेचा आजार. त्यासाठी सरकारनं १९६२ साली गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला आणि पुढं घराघरात आयोडीनचं मीठ आलं. पण तुझी गाठ दगडासारखी आहे, गिळताना ती जशी वरखाली हलायला हवी तशी हलत नाही, आणि डाव्या बाजूला जबड्याखाली आणखी दोन अवधाणं हाताला लागतात. ती तू मला दाखवली नाहीस. गळ्यात पडून निरोप घेतलास तेव्हा मला लागली.

आणि तुझा आवाज. डोमगावला कल्याणस्वामींच्या मठात भजनाला बसलीस, की मागच्या बायांना तुझा सूर गाठता यायचा नाही. या भाऊबीजेला तू ओवाळताना नुसते ओठ हलवत होतीस. सर्दीनं बसलेला आवाज दोन-तीन आठवड्यांत परत येतो, तुझा आषाढापासून बसलाय. पाणी पिताना ठसका लागतो, हे तुझ्या नातीनं मला सांगितलं. आवाजाच्या पडद्यांना हलवणारी शिर, म्हणजे मज्जातंतू, दोन्ही बाजूंना एकेक असते. ती मेंदूकडून सरळ पडद्यांकडे येत नाही. खाली छातीकडे उतरते, मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि मग श्वासनळीच्या कडेनं, नेमकी थायरॉईडच्या पाठीमागून वर चढते. त्या वाटेवर रोग बसला की त्या बाजूचा पडदा थांबतो. म्हणून आवाज जाणं म्हणजे गाठ तिच्या घराबाहेर पडल्याची खूण असू शकते.

हा आजार एका जातीचा नाही. पॅपिलरी नावाचा सगळ्यांत जास्त, दहातले आठ त्याचेच. तो संथ असतो, मानेतल्या गाठींत उतरला तरी नीट ऑपरेशन केलं तर माणसं पुढं वीस-तीस वर्षं जगतात. फॉलिक्युलर रक्तातून फुफ्फुसात, हाडांत जातो. मेड्युलरी कधी कधी घराण्यातून येतो. तो निघाला तर तुझी, आणि त्यात दोष सापडला तर तुझ्या सगळ्या लेकरांची, ‘रेट’ नावाच्या जनुकाची तपासणी करावी लागेल, ती टाळायची नाही. आणि एक ॲनाप्लास्टिक, शंभरात एखाद-दुसरा. तो आठवड्या-आठवड्याला वाढतो. तो बहुधा साठीच्या पुढच्या माणसांत येतो आणि पुष्कळदा वर्षानुवर्षं तशीच राहू दिलेल्या गाठीतून उठतो, जसं दारातलं पाळलेलं जनावर एके दिवशी पिसाळावं. वय इथे फार बोलतं. पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर, एकच रोग पंचावन्नच्या आत असेल तर डॉक्टर त्याला पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात धरतात, पंचावन्नच्या पुढे तोच तिसऱ्या-चौथ्यात जाऊ शकतो. तू सहासष्टची आहेस.

तुझा यातला कोणता, हे माझी बोटं सांगू शकत नाहीत. ते सुईनं कळेल. सोनोग्राफीत बघत बघत बारीक सुई गाठीत घालतात, चार थेंब काढतात आणि काचेवर पसरून तपासतात. दहा मिनिटांचं काम, भूल लागत नाही. तुझी धाकटी जाऊ म्हणाली, ‘सुई टोचली, हवा लागली की कॅन्सर पसरतो.’ ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. तिचं मूळ मला कळतं: लोक अगदी शेवटी दवाखान्यात जातात, तेव्हाच सुई होते आणि थोड्या दिवसांनी माणूस जातो. मग गावाला सुई आठवते. आधीची दहा वर्षं कुणाला आठवत नाहीत. सुईनं पसरलेला पेशंट माझ्या वॉर्डात मला आठवत नाही. सुईच्या भीतीनं घरी बसलेल्यांचा पसरलेला रोग मी रोज पाहिला.

आता कुठं जायचं ते. तुला मुंबईचं नाव काढलं की धडकी भरते, म्हणून पहिली तपासणी बार्शीला. आगळगाव रोडवरचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल तुला माहीत आहे, आपल्या गल्लीतल्या दोघी तिथं जाऊन आल्या आहेत. एक गोष्ट मात्र तुला माहीत नसेल. १९८७ साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि ती बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांच्या खेड्यांसाठी होती. शहरांतल्या दवाखान्यांत पेशंट आपण होऊन येतात. इथं नोंदणीची माणसं गावोगाव जाऊन विचारत फिरली, कुणाला गाठ आहे का, कुणाच्या अंगावरून जातं का. नुसत्या त्या विचारण्यानं, बोलण्यानं बाया लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या, असं त्या नोंदींतूनच दिसलं. आणि पुढं आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायांना धरून गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यानं कमी झाले, हे २००९ मध्ये साऱ्या जगानं वाचलं. आक्का, जगानं ज्यांच्याकडून शिकून घेतलं त्या आपल्या भागातल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बाया आहेत. त्यांच्यातल्याच एका बाईनं पदराखाली गाठ झाकून बसावं, हे मला सहन होत नाही.

बार्शीत सोनोग्राफी, सुई आणि नाकातून बारीक दुर्बीण घालून आवाजाचे पडदे बघणं, एवढं आधी होऊ दे. मग मान आणि छातीचा सीटी स्कॅन. त्याच्या औषधात आयोडीन असतं आणि त्यामुळं पुढची आयोडीनची ट्रीटमेंट काही आठवडे लांबू शकते. पण रोग श्वासनळीला, अन्ननळीला कुठवर चिकटला आहे ते त्यातच दिसतं, म्हणून सर्जननं सांगितलं तर नाही म्हणायचं नाही. तिथले डॉक्टर म्हणाले, हे मोठं काम आहे, परळच्या टाटा हॉस्पिटलला न्या, तर वाईट वाटून घेऊ नकोस. स्वतःची मर्यादा सांगणारा डॉक्टर मोठ्या मनाचा असतो.

हे मी का लिहिते ते ऐक. आमच्याकडे एक गृहस्थ आले होते, तुझ्यापेक्षा बरेच तरुण. कुठल्याशा छोट्या दवाखान्यात त्यांची गाठ ‘छोटंसं ऑपरेशन’ म्हणून अर्धीमुर्धी काढली होती आणि काढलेला तुकडा तपासायलाच पाठवला नव्हता. माणूस बरा झालो म्हणून पेढे वाटून कामाला लागला. चार वर्षांनी आला तो श्वास घेताना शिट्टी वाजत होती. मी तेव्हा थिएटरात होते. पहिल्या ऑपरेशनच्या जखमेनं आतलं सगळं एकमेकांत थिजून गेलं होतं, उन्हानं वाळलेल्या चिखलासारखं. शिर कुठली आणि दोरा कुठला, वेगळं करता येईना. आमचे सर्जन सात तास उभे होते. शेवटी श्वासनळीचा तुकडा कापून वरखालची टोकं जोडावी लागली. पहिल्या वेळी, कोऱ्या मानेत, हे सगळं कितीतरी सोपं गेलं असतं. या आजारात पहिलं ऑपरेशन हेच सगळ्यात चांगलं ऑपरेशन असतं. ते अनुभवी हातानं, पुरतं, एकदाच व्हायला हवं. सर्जनला बेधडक विचारायचं: अशी किती करता? आवाजाचे पडदे आधी बघितले का? काढलेला प्रत्येक तुकडा तपासायला जाणार का? चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही, मी खात्रीनं सांगते.

ऑपरेशनमध्ये काय करतात, ते तुला कुणी नीट सांगणार नाही, म्हणून मी सांगते. मानेच्या घडीत आडवी चीर घेतात. पूर्ण थायरॉईड काढतात आणि रोगाच्या बाजूच्या मानेतल्या गाठींचा पदर, मोठ्या शिरेवरून द्राक्षाचा घड सोलावा तसा, अखंड उतरवतात. यात सगळ्यात जपायच्या त्या चार लहान ग्रंथी, पॅराथायरॉईड. मसुराच्या दाण्याएवढ्या, पिवळसर तपकिरी, चरबीत लपलेल्या. त्या शरीरातलं कॅल्शियम सांभाळतात. आमचे सर्जन त्यातली एखादी सुटी झाली की ती मिठाच्या पाण्याच्या वाटीत माझ्याकडे द्यायचे, “सिस्टर, सोनं आहे, सांभाळा,” म्हणायचे आणि शेवटी तिचे बारीक तुकडे करून मानेच्या स्नायूत पेरायचे. तिथं ती पुन्हा धरते. बी रुजावं तशी.

आवाजाची शिर चालू असेल तर जीव तोडून वाचवतात. पण ती रोगात पुरती गुंतली असेल आणि पडदा आधीच बंद असेल तर ती रोगाबरोबर जाते. श्वासनळीला रोग वरवर चिकटला असेल तर तासून काढतात. आत शिरला असेल तर तेवढा तुकडा कापून नळी जोडतात. काही दिवस गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी ठेवावी लागू शकते. फारच थोड्या वेळा स्वरयंत्रच काढावं लागतं. मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला रोगानं चहूबाजूंनी वेढलं असेल तर बहुधा सर्जन चाकू हातात घेत नाहीत. हे सगळं तुझं होईल असं मी म्हणत नाही. पण सही करण्याआधी ‘माझ्या बाबतीत यातलं काय होऊ शकतं?’ हे तू स्वतः विचारायचं. भाऊजींनी नाही, पोरांनी नाही. मान तुझी आहे.

हे ऑपरेशन एके काळी इतकं जीवघेणं होतं की मोठमोठे डॉक्टर त्याला हात लावत नसत. स्वित्झर्लंडमधल्या बर्न गावच्या थिओडोर कोखर या सर्जननं रक्त थेंबाथेंबानं आवरत, हळू, स्वच्छ काम करून ते सुरक्षित केलं आणि १९०९ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांचीच एक गोष्ट मला आवडते. पूर्ण ग्रंथी काढलेले आपले पेशंट काही वर्षांनी मंद, सुजलेले होतात, हे त्यांनी स्वतः १८८३ मध्ये उघड मांडलं, झाकलं नाही. त्यातूनच ही ग्रंथी शरीराला किती लागते ते जगाला उमगलं. म्हणून आज ऑपरेशननंतर रोज थायरॉक्सिनची गोळी असते. पहाटे उठल्यावर उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-पाऊण तासानं. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर कधीच नाही, मध्ये चार तास हवेत. जन्मभर. तुळशीला पाणी घालायच्या आधी ती घ्यायची असं ठरवलंस तर तुझी कधी चुकणार नाही.

ऑपरेशन दिवसा होतं, खरी जागरूकता रात्री लागते. पहिल्या चोवीस तासांत क्वचित आत रक्त साठतं आणि श्वासनळी दबते. एका रात्री दोन वाजता एका बाईनं मला नुसता हात वर करून बोलावलं, बोलता येत नव्हतं. मानेची पट्टी फुगलेली. टाके कापायची कात्री आम्ही अशा पेशंटच्या उशाशीच ठेवत असू. निवासी डॉक्टर धावत आले, पलंगावरच टाके उघडले, रक्ताची गाठ बाहेर आली आणि बाईनं श्वास ओढला. तो आवाज मी विसरणार नाही. दहा मिनिटांत ती परत थिएटरात होती आणि आठव्या दिवशी चालत घरी गेली. तुला घाबरवायला हे सांगत नाही. जिथं रात्रभर डॉक्टर जागेवर असतो असंच हॉस्पिटल का हवं, ते भाऊजींना कळावं म्हणून सांगते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या तर लगेच सिस्टरला सांगायचं. ते कॅल्शियम उतरल्याचं लक्षण आहे, औषधानं तासाभरात बरं वाटतं. ‘उगा कशाला त्रास द्यायचा’ म्हणून गप्प पडायचं नाही. त्यासाठीच आम्ही जागत असतो.

पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर निघाला तर पुढं रेडिओआयोडीन. ही ग्रंथी आयोडीनची भुकेली असते, तिचा रोगही तसाच. म्हणून किरणोत्सारी आयोडीन प्यायला दिलं की ते उरलेल्या पेशींना हुडकून आतून जाळतं. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. काही दिवस वेगळ्या खोलीत राहावं लागतं आणि घरी आल्यावर थोडे दिवस नातवंडांना मांडीवर घ्यायचं नाही, एवढाच वनवास.

आणि तो वाईट निघाला तर? आक्का, तुझ्याशी खोटं बोलले तर मी बहीण कसली. ॲनाप्लास्टिक असेल तर आयोडीन चालत नाही आणि पुरता निघण्यासारखा असेल तरच ऑपरेशनचा उपयोग होतो. अर्धवट कापाकापीनं त्यात माणसाचे दिवस वाढत नाहीत. तेव्हा ‘काही तरी करा’ म्हणून डॉक्टरच्या मागे लागायचं नाही. बीआरएएफ नावाच्या जनुकातल्या बदलाची तपासणी मागायची. तो बदल असेल तर काही वर्षांपासून गोळ्या आहेत, त्यांनी काहींचा रोग ओसरतो आणि मग ऑपरेशनही शक्य होतं. नाही तर किरणं, आणि श्वास मोकळा राहील याची व्यवस्था. अशा पेशंटांबरोबरही मी राहिले आहे. दुखणं कमी करता येतं, घुसमट कमी करता येते, घरच्या माणसांत राहता येतं. पण याचा निकाल आपण घरी बसून लावायचा नाही. चार महिन्यांत वाढलेली गाठ कधी नुसतं आत साठलेलं रक्त किंवा पाणीही असतं.

सोनारीच्या काळभैरवनाथाला तू नवस बोललीस, हे कळलं. नवस राहू दे, मी फेडायला तुझ्याबरोबर येईन. पण गाठीवर पाला बांधतेस ते आज बंद कर. कातडी भाजून फुटली तर सर्जनची चीर अवघड होते आणि जखम भरत नाही. देवाला सांगायचं ते सांगून झालंय, आता डॉक्टरला सांगायचं.

पैशांची काळजी भाऊजी करत असतील. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा खर्च मिळतो. योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, त्याच्याकडे रेशन कार्ड आणि आधार घेऊन ऑपरेशनच्या आधी नोंद करायची; नंतर गेलं तर उपयोग नाही. एसटीत तुला अर्धं तिकीट आहेच, रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या एकाला सवलत मिळते, त्याचा कागद हॉस्पिटल देतं. मुंबईला राहायला दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे आणि डोंबिवलीला माझं घर आहे. म्हैस विकायची भाषा पुन्हा काढू नका.

मी मंगळवारी १८ तारखेला रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघते, बुधवारी पहाटे कुर्डुवाडीला उतरेन. भाच्याला गाडी घेऊन पाठव आणि त्याच गाडीत तू बस. घरी मागं फिरायचं नाही, कुर्डुवाडीहून सरळ बार्शी. पिशवीत रेशन कार्ड, आधार, जुना तो रिपोर्ट आणि बोटांचा हिशेब लिहिलेला कागद घे. ठुशी काढून लेकीकडे दे, स्कॅनला गळ्यात धातू चालत नाही. तोवर रात्री श्वासाला घरघर लागली किंवा उताणं झोपवेना, तर बुधवारची वाट बघायची नाही, त्याच घटकेला बार्शी गाठायची. भाऊजी, हे तुम्हाला सांगते आहे.

सुईला उपाशी राहावं लागत नाही आक्का. सकाळी भाकरी खाऊन निघ.

तुझी धाकटी,
छोटी